धूर, उजेड, पाणी आणि वारा

मूळ चित्र न पाहता चित्राविषयी लिहिणे हा खरे पाहता अपराध होय, आणि तो मी करीत आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. एमिल नोल्डे या जर्मन चित्रकाराचे 1910 सालचे ‘एल्ब नदीवरील टग’ हे तैलचित्र हॅम्बर्गच्या कलासंग्रहालयात आहे. माझ्यासमोर आहे ती त्याची छापील प्रत, आमच्या शाळेतील चित्रकलेच्या शिक्षकांनी चित्रकलेच्या वर्गात लावलेली. शाळा नानाखेड्याच्या बाजूस. येथून समुद्र शेकडो मैल दूर, आणि आमच्या क्षिप्रेवर ज्या नावा चालतात त्या रामघाटावर यात्रेकरूंना फिरवून आणणाऱ्या. तेव्हा या चित्रावर बोलण्याचा अधिकार मला दोन्ही बाजूंनी नाही. तरीही गेले वर्षभर वर्गाच्या तपासणीच्या निमित्ताने मी त्या भिंतीपाशी पुनःपुन्हा थांबलो आहे, आणि अभिव्यक्तिवाद म्हणून आपण विद्यार्थ्यांना जे शिकवतो ते अपुरे आहे, असे मला त्या एका बोटीने पटवून दिले आहे.

प्रथम बोटीची ओळख करून दिली पाहिजे. बंदरात शिरणारी मोठी जहाजे अरुंद जागेत आपली आपण वळू शकत नाहीत. त्यांना दोर बांधून ओढण्याचे, रेटण्याचे, धक्क्याला लावण्याचे काम करणाऱ्या लहानशा आगबोटीला टग म्हणतात. तिचे अंग रुंद, बसकट. पण पोटात यंत्र मात्र देहाच्या मानाने फार थोर. स्वतः कोठे जावयाचे नाही, दुसऱ्याला नेऊन पोचवावयाचे, एवढाच तिचा संसार. हॅम्बर्ग हे नदीवरचे बंदर. उत्तर समुद्र तेथून सुमारे शंभर किलोमीटर. परंतु भरती-ओहोटी शहरापर्यंत पोचते, आणि पाणी नदीचे असले तरी त्याचा स्वभाव समुद्राचा.

चित्रात पाहावयास गेले तर फार थोडे आहे. एक काळसर बोट. तिच्या धुराड्यातून सुटलेला धूर. पिवळ्या-हिरव्या रंगाच्या जाड फटकाऱ्यांनी भरलेले पाणी आणि तशाच फटकाऱ्यांनी भरलेले आभाळ. रंग असा लेपला आहे की कुंचल्याचा प्रत्येक ओढा मोजता यावा. बोटीवरची दोरखंडे, कठडे, खिडक्या यांचा तपशील शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. जवळून पाहिले तर बोट नाहीशी होते आणि रंगाचे गोळे उरतात. चार पावले मागे सरकलात की तीच बोट पाणी कापीत पुढे येऊ लागते. पाणी आणि आभाळ एकाच हाताने, एकाच वेगाने रंगविलेले असल्यामुळे बोटीला टेकावयास स्थिर असे काहीच नाही. तिचे वजन तिनेच पेलावयाचे.

एकदा नववीच्या वर्गात मी मुलांना विचारले, “ही बोट काय करते आहे?” दोघातिघांनी पाठ केलेली उत्तरे दिली: बोट दुःखी आहे, चित्रकाराचे मन अशांत आहे, काळा रंग निराशेचा आहे. ही उत्तरे त्यांना कोणी शिकवली हे मी विचारले नाही, कारण ती आपणच शिकवली आहेत. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हिंदीत म्हणाली, “सर, ये हाँफ रही है.” बोट धापा टाकते आहे. मला वाटते, चित्राचे मर्म तिने गाठले होते. बाकीच्यांनी चित्रकाराच्या मनाकडे पाहिले. तिने बोटीकडे पाहिले.

अभिव्यक्तिवादाची पाठ्यपुस्तकी व्याख्या आपणा सर्वांच्या ओठांवर आहे. दृक्प्रत्ययवादी चित्रकार डोळ्याला क्षणभर जसे दिसते तसे रंगवितो. अभिव्यक्तिवादी चित्रकार अंतःकरणात जे दाटले आहे ते बाहेरच्या वस्तूवर लादतो, आणि त्या भाराने वस्तूचा आकार मोडतो, रंग भडकतो. ही व्याख्या चूक आहे असे नाही. पण तिच्यामुळे एक आळस शिरतो. चित्रातील वस्तू काय आहे, ती कशी चालते, तिचा धर्म कोणता, हे पाहण्याची गरजच उरत नाही. सगळे चित्रकाराच्या मनःस्थितीच्या खाती जमा करून मोकळे होता येते. बोट असो, घोडा असो, की चर्चचा मनोरा असो, उत्तर एकच.

आता धुराचेच पाहा. 1910 सालची टग ही कोळशावर चालणारी बोट. ओढीचे काम आले, वाफेचा जोर वाढवावयाचा झाला, की भट्टीत नवा कोळसा टाकावा लागे. तो पेट घेईपर्यंत धुराड्यातून दाट काळा धूर निघे. बंदरातल्या माणसाला लांबून तो धूर पाहून कळे की बोटीवर आता काम पडले आहे. म्हणजे धूर हा त्या श्रमाचा हिशेब होता. नोल्डेने धूर गडद केला, पसरविला, आभाळात मिसळला. पण तो आपल्या उदासीने काळा केला असे म्हणण्याचे कारण नाही. तो मुळातच काळा होता, आणि तो का काळा आहे हे चित्रकाराला ठाऊक होते. त्या वर्षाच्या आरंभी काही आठवडे तो हॅम्बर्गला बंदरालगत मुक्काम ठोकून राहिला होता. तेथल्या बोटी, धक्के, धूर यांची तैलचित्रे, शाईची कुंचलाचित्रे, अम्लरेखने आणि लाकडी ठसे यांचा एक मोठा समूहच त्या मुक्कामातून निघाला. भावनेचा उमाळा आला आणि हात चालला, असे हे प्रकरण नाही. एकाच जातीची बोट इतक्या माध्यमांतून इतक्या वेळा काढणारा माणूस बोटीकडून काही शिकत असतो.

येथे नोल्डेच्या पूर्वायुष्यातील एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो, कारण ती आम्हा शिक्षकांच्या जातीची आहे. 1867 साली नोल्डे नावाच्या खेड्यात जन्मलेल्या या एमिल हान्सेनने आरंभी लाकडावरील कोरीव कामाचा धंदा शिकून घेतला, आणि 1892 पासून काही वर्षे स्वित्झर्लंडमधील सेंट गालन येथे रेखाचित्रणाचा मास्तर म्हणून नोकरी केली. तेथे असताना त्याने आल्प्सच्या शिखरांना माणसांची तोंडे दिली: कोठे म्हातारा, कोठे राक्षस, कोठे कुमारी. त्या चित्रांची पोस्टकार्डे छापली, ती भराभर खपली, आणि त्या पैशांवर मास्तरकी सोडून तो पूर्णवेळ चित्रकार झाला. (आम्हा मास्तरांपैकी कितीजणांनी असे एखादे पोस्टकार्ड मनात काढून ठेवले असेल, ते असो.) अचेतनाला सचेतन करण्याची सर्वांत सोपी रीत कोणती, तर त्याला नाक-डोळे काढणे. पर्वताला चेहरा दिला की बाजारात हशा पिकतो आणि माल खपतो. बोटीच्या चित्रापर्यंत पोचताना नोल्डेने तो चेहरा पुसून टाकला. टगला डोळे नाहीत, तोंड नाही, आणि तरी ती धापा टाकते.

आम्हा उज्जैनकरांना काही झाले तरी मेघदूताचा आधार शोधण्याची खोड आहे; ती येथे मात्र कामी आली. मेघ हा अखेर धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा समुदाय. असल्या जड वस्तूने निरोप कसा न्यावा, ही शंका कालिदासाने काव्याच्या प्रारंभीच स्वतः उपस्थित केली आहे, आणि कामाने व्याकुळ झालेल्या यक्षाला सजीव-निर्जीवाचा विवेक राहत नाही, असे तिचे उत्तरही देऊन ठेविले आहे. गंमत अशी की धूर, तेज, पाणी आणि वारा एवढेच साहित्य नोल्डेपाशीही आहे. चित्रात पाचवी वस्तू नाही म्हटले तरी चालेल. बोटसुद्धा या चौघांच्या मधोमध उरलेली एक काळी जागा आहे. परंतु दोघांच्या रीतीत भेद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. कालिदासाचा मेघ यक्षाच्या विरहाने जिवंत होतो. विरह काढून घ्या, मेघ पुन्हा धूर आणि पाणी. पाठ्यपुस्तकी अभिव्यक्तिवाद हा या अर्थाने यक्षाचाच वाद आहे. नोल्डेची बोट मात्र कोणाच्या विरहाने जिवंत झालेली नाही. तिला तिच्या कामाने जीव दिला आहे. चित्रकाराने तो जाणला, एवढेच.

काम करणाऱ्या बोटीला चित्रात असा मान सहसा मिळत नाही. होकुसाईची 1831 च्या सुमाराची ती प्रसिद्ध लाट सर्वांना ठाऊक आहे. तिच्याखाली ताजी मासळी एडो शहराला नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तीन जलद होड्या आहेत आणि त्यांत वल्हेकरी अंग चोरून बसले आहेत, हे कितीजणांच्या ध्यानात राहते? लाट त्यांना गिळण्यापूर्वी आपली दृष्टीच त्यांना गिळून टाकते. टर्नरने 1839 साली प्रदर्शित केलेल्या चित्रात तर टगच आहे: ‘टेमेरेर’ या जुन्या युद्धनौकेला मोडीत काढण्यासाठी ओढून नेणारी, काळी, धूर ओकणारी. परंतु आपली सारी करुणा मागच्या फिकट, उंच जहाजाकडे वाहते. टग ही जणू यमाची दूती. टर्नरला दोष द्यावयाचा नाही, ते चित्र थोरच आहे. फक्त एवढे नोंदवावेसे वाटते की सत्तर वर्षांनंतर कोणीतरी त्या ओढणारीकडे तिच्यासाठी म्हणून पाहिले.

मर्ढेकरांचे सौंदर्यशास्त्र ज्यांनी मनापासून वाचले आहे ते येथे मला अडवतील, आणि अडवावेच. कलाकृतीचे सौंदर्य संवेदनांच्या लयबद्ध रचनेत असते; संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी ती रचना सिद्ध होते; मग काळा पुंज आणि पिवळा पसारा यांचा विरोध आणि समतोल पाहा, तो पुंज टग आहे की कासव आहे याच्याशी सौंदर्याचा संबंध काय? विद्यार्थिदशेत मला हा युक्तिवाद अभेद्य वाटे. आजही, चित्र पाहण्याची शिस्त म्हणून, त्याच्याइतके चांगले औषध नाही. कथानक शोधत चित्रात शिरणाऱ्या वाचकाला तो दारातच अडवितो. पण या चित्रापुरते मला तो पुरत नाही. पुंज पुढे रेटला जात आहे, त्याला विरोध होत आहे, आणि तो विरोध मोडण्यासाठी त्याच्या पोटात काही जळते आहे, हे जाणवल्यावाचून त्या पिवळ्या-काळ्याचा समतोल मला दिसतच नाही. एका पावसाळी संध्याकाळी नानाखेडा बसस्थानकासमोर बंद पडलेली एक बस दुसऱ्या गाडीने लोखंडी दोराने ओढून नेताना मी पाहिली. दोर सैल होता तोपर्यंत दोन्ही गाड्या म्हणजे नुसत्या दोन गाड्या होत्या. दोर ताणला गेला, त्याच्यावरचे पाणी झटकन उडाले, ओढणाऱ्या गाडीची मागची चाके दबली, धूर आला, आणि ओल्या रस्त्यावरचे दिवे, माणसे, चहाची टपरी, सगळे दृश्य एका रेषेत बांधल्यासारखे झाले. ती रेषा रचनेची होती की कामाची? मला ती दोन वेगळी करता आली नाहीत. नोल्डेच्या चित्रातही येत नाहीत.

येथपर्यंत लिहून मला थांबता आले असते. परंतु ज्या माणसाने हे चित्र काढले त्याच्याविषयी मुलांना काय सांगावयाचे, हा प्रश्न गेले वर्षभर माझ्यापुढे आहे.

नोल्डे 1934 साली जर्मन-डॅनिश सरहद्दीवरील नाझी संघटनेचा सभासद झाला. ज्यूंविषयीचा त्याचा द्वेष ही तरुणपणीची घसरण नव्हती. तो त्याच्या लिखाणात आहे, पत्रांत आहे. असे असूनही 1937 साली त्याच राजवटीने त्याची हजाराहून अधिक चित्रे जर्मन संग्रहालयांतून जप्त केली. इतकी दुसऱ्या कोणाचीही केली नाहीत. ‘अधःपतित कला’ म्हणून भरविलेल्या प्रदर्शनात ती टांगली गेली, आणि 1941 मध्ये त्याला व्यवसायास बंदी झाली. युद्धानंतर एवढीच दुसरी बाजू जगाला सांगण्यात आली. छळ सोसलेला, गुपचूप लहान लहान चित्रे काढीत राहिलेला एकाकी कलावंत, अशी मूर्ती उभी राहिली. सीगफ्रीड लेन्झची 1968 सालची कादंबरी, जिचे नाव ‘जर्मनचा तास’ असे करता येईल, त्या मूर्तीला घरोघरी घेऊन गेली. तिच्यातील मुलगा एल्ब नदीच्या बेटावरील सुधारगृहात बसला आहे; ‘कर्तव्याचा आनंद’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला असता तो कोरी वही देतो, सांगण्यासारखे काही नाही म्हणून नव्हे, फार आहे म्हणून. शिक्षकाने ही कादंबरी वाचावी. पण तिच्यातील चित्रकार हा नोल्डे आहे असे समजून वाचू नये. 2019 साली बर्लिनमध्ये भरलेल्या प्रदर्शनाने कागदपत्रांनिशी ती मूर्ती उतरवून ठेवली. त्याच वर्षी जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर आंगेला मेर्केल यांच्या कचेरीतील नोल्डेची दोन चित्रे काढण्यात आली, आणि पुन्हा लावली गेली नाहीत. त्यांतले एक समुद्राचेच, 1936 सालचे, फुटणाऱ्या लाटेचे.

यात आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि जवळचा आहे. 1947 साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. त्यात आपले सदानंद बाकरे आणि हरी अंबादास गाडे होते. आणि पंढरपूरला जन्मून इंदूरला वाढलेले हुसेनही होते, ज्यांना आम्ही माळव्यातले लोक आमचेच समजतो. रंग निर्भयपणे लावण्याचा धीर या मंडळींना ज्यांच्या सहवासात मिळाला त्यांत रुडॉल्फ फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंजर ही तीन नावे घ्यावीच लागतात. लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियाचे कला-संचालक होते, लायडन कलासमीक्षा लिहीत, श्लेसिंजर चित्रे विकत घेत. हे तिघेही हिटलरच्या उदयामुळे आपले देश सोडून मुंबईत आलेले. म्हणजे मध्य युरोपातील अभिव्यक्तिवाद आपल्या दारी आणला तो ज्यांना पळावे लागले त्यांनी. आणि ज्याची बोट आमच्या भिंतीवर आहे तो, ज्यांनी पळविले त्यांच्या बाजूचा. कलेचा इतिहास शिकविताना हे दोन धागे वेगवेगळे ठेवणे मला अप्रामाणिक वाटते.

आमचे एक सहकारी म्हणाले, मग ते चित्र उतरवावे. दुसरे म्हणाले, चित्र 1910 सालचे, पक्ष 1934 सालचा; त्याचा याच्याशी संबंध नाही. दोन्ही उत्तरे मला घाईची वाटतात. पहिल्या उत्तरात चित्राकडे पाहणे टळते, दुसऱ्यात माणसाकडे. मी छापील प्रतींवरून ती 1936 ची लाट आणि ही 1910 ची बोट शेजारी ठेवून पाहिली. लाटेचे चित्र जोरकस आहे. हिरवट काळे पाणी, वर तांबूस आभाळ, हात पूर्वीइतकाच पक्का. पण त्या चित्रात कोणी काम करीत नाही. तेथे निसर्गाची शक्ती आहे आणि तिच्यापुढे दिपून उभा राहिलेला पाहणारा आहे. शक्तीने दिपण्याची ही तयारी कोठवर नेते हे त्या माणसाच्या चरित्रात दिसते. मी चरित्र चित्रावर लादतो आहे असा आक्षेप येईल, आणि तो अगदीच निराधार नाही. 1934 चे साल ठाऊक नसते तर मी लाटेकडे असा पाहिला असतो का, हे मलाही शपथेवर सांगता येणार नाही. परंतु बोटीच्या चित्रात दिपून जाण्यासारखे काही नाही, हे तर चरित्र न वाचताही दिसते. तेथे शक्ती कोळशाच्या मापाने मोजली जाते, खर्च होते, धूर होऊन निघून जाते. एका बुटक्या, कुरूप, दुसऱ्याच्या कामासाठी जन्मलेल्या बोटीपुढे चित्रकाराने आपली मनःस्थिती बाजूला ठेवली. पुढे माणसांच्या बाबतीत त्याला तेवढे करता आले नाही.

चित्र आम्ही उतरविलेले नाही. चित्रकलेच्या शिक्षकांनी त्याखाली चित्रकाराचे नाव, चित्राचे नाव आणि 1910 हे साल लिहिले होते. मी त्यांच्या अनुमतीने खाली आणखी दोन ओळी वाढविल्या: 1934 ची एक, 1937 ची एक. परवा नववीच्या तासाला मुलांनी त्या वाचल्या आणि बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याच मुलीने विचारले, बोटीवर कोळसा टाकणाऱ्या माणसाचे नाव कोठे लिहिले आहे का?